थडग्यावरचा सातबारा

एका वाचकांनी विचारलंय: "गेल्या महिन्यात तुर्कस्तानात पामुक्कलेला जाऊन आलो. वरचं हिएरापोलिस हे जुनं शहरही पाहिलं. उत्तरेच्या वेशीबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना थडगीच थडगी. गाईड म्हणाला, आजारी लोक गरम पाण्याच्या उपचाराला यायचे, त्यातले बरेच इथेच दगावायचे, म्हणून इतकी थडगी. हे खरं का? थडगी गावाबाहेर का? एक मातीच्या ढिगासारखं, दुसरं घरासारखं, तिसरी नुसती दगडी पेटी, असं का? आणि त्यांवर एवढं लिहिलंय तरी काय? वेशीजवळच्या एका थडग्याचा फोटो जोडतो आहे."

फोटोपासूनच सुरू करते, कारण तुम्ही नकळत त्या स्मशानातलं सगळ्यात बोलकं थडगं टिपलंत. ते फ्लाविओस झ्यूक्सिस नावाच्या माणसाचं आहे. काळ इ.स.च्या पहिल्या शतकाच्या अखेरीचा. दर्शनी बाजूवरचा ग्रीक लेख मराठीत जवळजवळ शब्दाला शब्द असा येईल: 'मालेआला वळसा घालून इटलीला ७२ वेळा समुद्रमार्गे गेलेला व्यावसायिक फ्लाविओस झ्यूक्सिस याने हे स्मारक स्वतःसाठी, फ्लाविओस थेओदोरोस व फ्लाविओस थेउदास या मुलांसाठी, आणि ते ज्यांना परवानगी देतील त्यांच्यासाठी बांधलं.'

मालेआ म्हणजे ग्रीसच्या दक्षिण टोकाचं भूशिर. वादळांसाठी कुप्रसिद्ध. 'मालेआला वळसा घातलास की घर विसर' अशी म्हण त्या काळच्या स्ट्राबो या भूगोलकाराने नोंदवून ठेवली आहे. आणि हा गृहस्थ, समुद्रापासून कितीतरी आत असलेल्या डोंगराळ गावचा, तिथून ७२ वेळा पार झाला. खेपा मोजून ठेवल्या आणि दगडावर कोरून घेतल्या. पहिल्यांदा हा लेख वाचला तेव्हा मीही त्या आकड्यापाशीच अडकले होते. पुढे सोळा उन्हाळे पश्चिम तुर्कस्तानात लेखांचे ठसे घेण्यात गेले, आणि आता माझी नजर आधी शेवटच्या तुकड्यावर जाते: 'ते ज्यांना परवानगी देतील त्यांच्यासाठी'. हा शोक नाही, आठवणही नाही. हा हक्क आहे. आज कोणाचा, उद्या कोणाकडे जाणार, हे लिहून ठेवलेलं आहे.

तुमच्या सगळ्या प्रश्नांना मला हाच धागा सापडतो. रोमन काळातल्या आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या आशियाई तुर्कस्तानातल्या, शहरांत थडगं म्हणजे आधी मालमत्ता. त्यावरचा लेख म्हणजे त्या मालमत्तेचा सातबारा. तो तसा वाचायला घेतला की निम्म्या शंका आपोआप फिटतात.

गाईडचं म्हणणंच घ्या. गरम पाण्यासाठी लोक येत, यात शंका नाही. पण थडग्यांची संख्या त्याने वाढलेली नाही. उत्तरेच्या एकट्या स्मशानात बाराशेच्या आसपास थडगी आहेत आणि ती काही शतकांत मिळून उभी राहिलेली आहेत. जे लेख वाचता येतात त्यांतले मालक बहुतेक इथलेच. जांभळा रंग देणारे रंगारी, लोकर धुणारे, गालिचे विणणारे, पाणचक्की चालवणारे. स्ट्राबो सांगतो की इथलं पाणी लोकर रंगवायला इतकं मानवायचं की मुळांपासून काढलेला साधा रंगसुद्धा महागड्या किरमिजी आणि समुद्री जांभळ्या रंगाच्या तोडीचा उतरायचा. शहर पोसलं ते लोकरीने. आणि साधा विचार करा: उपचाराला आलेला परगावचा आजारी माणूस जागा विकत घेऊन, चौथरा बांधून, नातवंडांपर्यंतची तरतूद लिहून मग मरत नाही.

आता गावाबाहेर का. मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही. विटाळ हा शब्द आपल्याकडे आहेच. ग्रीक शहरांत मृत्यूचा विटाळ मानत, देवळांजवळ तर फारच. रोमच्या सर्वांत जुन्या कायद्यात, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या बारा पाट्यांमध्ये, शहराच्या आत कोणाला पुरायचंही नाही आणि जाळायचंही नाही असं स्वच्छ कलम आहे. पण बाहेर म्हणजे दूर कुठे आडरानात नव्हे. अगदी वेशीला लागून, येण्याजाण्याच्या रस्त्यावर. झ्यूक्सिसचं थडगं फ्रोंतिनुसच्या कमानीपाशी आहे हा योगायोग नाही. ती कमान इ.स. ८०च्या दशकातली, शहराचं नवं तोंड. तिथली जागा म्हणजे बाजारपेठेतला कोपऱ्यावरचा गाळा. परगावाहून येणारा प्रत्येक माणूस आधी तुमचं नाव वाचणार, मग गावात पाऊल टाकणार.

या नियमाला अपवाद होते, आणि ते शहराने मान म्हणून दिलेले. इफेससचं सेल्सस ग्रंथालय तुम्ही पाहिलं असेलच. ते ग्रंथालय म्हणजे थडगंसुद्धा आहे. सेल्सस इ.स. ९२ साली रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च पदाधिकारी होता, पुढे आशिया प्रांताचा राज्यपाल झाला. त्याच्या मुलाने हे ग्रंथालय बांधलं आणि पुस्तकांच्या दालनाखालच्या तळघरात, संगमरवरी पेटीत, बापाला ठेवलं. त्याच रस्त्यावर अष्टकोनी थडगं आहे. त्यातली कवटी क्लिओपात्राची बहीण अर्सिनोए हिची, असं कित्येक वर्षं सांगितलं जायचं, आणि सहलींमध्ये अजूनही सांगतात. २०२५च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ती ११ ते १४ वर्षांच्या एका मुलाची निघाली. हालिकार्नासोस, म्हणजे आजच्या बोद्रुमचा राज्यकर्ता मौसोलोसही असाच शहराच्या आत, इ.स.पू. ३५३ मध्ये तो वारला आणि त्याच्या थडग्यावरून 'मौसोलियम' हा शब्द जगभर गेला.

आकारांचं उत्तर थोडं लांब आहे. मातीचे ढीग सगळ्यात जुन्या परंपरेतले. मूळ अनातोलियाच्या, म्हणजे याच भूभागाच्या, राजांचं थडगं म्हणजे टेकडी: सार्दिसजवळ लिडियाच्या राजांच्या, गॉर्डियनला फ्रिजियाच्या. गॉर्डियनची मोठी टेकडी आजही ५३ मीटर उंच आहे. १९५७ मध्ये तिच्या पोटात लाकडी खोली सापडली, इ.स.पू. ७४०च्या सुमाराची, आणि तिच्यात साठीच्या घरातल्या एका पुरुषाचा सांगाडा. शेजारच्या भांड्यांत अंत्यविधीच्या जेवणाचा खरवडा शिल्लक होता: भाजलेल्या मांसाचा आणि डाळीचा रस्सा, आणि द्राक्षाची दारू, जवाची बिअर व मधाची दारू एकत्र केलेलं पेय. पुढे हिएरापोलिसच्या सधन घरांनी तोच आकार लहान करून घेतला. खाली दगडी कडं, आत खोली, खोलीत ओटे, वर माती.

घरासारखी थडगी म्हणजे कुटुंबाची खोली. आत दोन-तीन बाजूंनी दगडी ओटे असतात, प्रेत त्यावर ठेवत. पिढी बदलली की आधीची हाडं अदबीने बाजूला सारायची आणि जागा करायची. म्हणून एका खोलीत कितीतरी माणसं. सोबत तेलाचे दिवे, सुगंधी तेलाच्या काचेच्या निमुळत्या कुप्या, कधी नाणं. या कुप्यांना 'अश्रूंच्या कुप्या' म्हणायची पद्धत पडली आहे. गोष्ट गोड आहे, पण त्यात अश्रू कोणी साठवत नव्हतं.

दगडी पेटी, जिला ग्रीकमध्ये सोरोस म्हणत, ती दुसऱ्या शतकापासून झपाट्याने लोकप्रिय झाली. दहनाची सवय असलेल्या आपल्या वाचकांना एक सांगायला हवं: इथेही दहन होत असे, राखेच्या आणि अस्थींच्या लहान दगडी पेट्या इफेससला पुष्कळ मिळतात. पण या काळात एकंदर कल पुरण्याकडे वळला. फ्रिजियातल्या दोकिमेइओनच्या खाणींतून कोरीव पेट्या दूरवर जायच्या. उत्तरेकडच्या आस्सोस गावच्या दगडाबद्दल रोमन लेखक प्लिनी लिहितो की त्यात ठेवलेलं प्रेत ४० दिवसांत दात सोडून सगळं नाहीसं होतं. मांस खाणारा, म्हणजे सार्कोफागोस. आजचा 'सार्कोफॅगस' तिथूनच आला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला सगळ्यात जवळचा: लिहिलंय काय.

ठसा कसा घेतात ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दगड ब्रशने धुवायचा, शेवाळ काढायचं. जाड गाळणकागद भिजवून लेखावर पसरायचा आणि आखूड केसांच्या ब्रशने ठोकत राहायचं, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत जाऊन बसतो. आपल्याकडे शाई लावून ठसा घेतात तशी शाई इथे नसते. तासा-दोन तासांत वाळला की अख्खा सुटून येतो. दगडाकडच्या बाजूला अक्षरं उलटी, उठावदार. एकदा असं ठोकताना पहिल्या ओळीच्या मध्यावर ब्रश किंचित खाली जात होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. संध्याकाळी कागद तिरप्या उजेडात धरला तेव्हा कळलं, तेवढाच दगड हलका खोलगट आहे. जुनं नाव छिन्नीने काढून त्या जागी दुसरं, जरा दाटीवाटीने बसवलेलं. पुढच्या ओळी तशाच. पेटी हातोहात गेली होती आणि सातबाऱ्यावर फेरफार झाला होता.

लेखाची सुरुवात बहुधा ठरलेली: 'हे सोरोस काइ हो पेरि आउतेन तोपोस', म्हणजे ही पेटी आणि तिच्या भोवतालची जागा. मग कोणाची. मग यात कोणाला ठेवायचं: तो, त्याची बायको, मुलं. कधी मुक्त केलेले गुलाम, कधी घरात वाढवलेली परकी मुलं. मग 'दुसऱ्या कोणालाही पुरू नये'. पुरलं तर दंड. कुठे ५००, कुठे १०००, कुठे २५०० दिनार. बादशाही खजिन्यात, नगरसभेकडे किंवा ज्येष्ठांच्या मंडळाकडे भरायचे. दिनाराचं चिन्ह तुम्हाला ग्रीक न येताही ओळखता येईल: फुलीवर आडवी रेघ, चांदणीसारखी. लेखाच्या शेवटाकडे ती चांदणी दिसली की समजायचं, इथे दंड लिहिला आहे.

आणि मग एक वाक्य येतं, जे वाचलं की मला निबंधकाच्या कचेरीतल्या शिक्क्याचा आवाज ऐकू येतो: 'या लेखाची प्रत दफ्तरखान्यात ठेवली आहे.' हिएरापोलिसला, आफ्रोदिसिआसला, स्मिर्नाला, सगळीकडे. स्मिर्ना म्हणजे आजचं इझमिर. तिथल्या रुफिनाचा लेख पाहा. ती ज्यू होती आणि सभास्थानाची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, प्रमुख. बाई आणि प्रमुख, दोन्ही त्या दगडावर स्पष्ट आहे. तिने थडगं बांधलं ते आपल्या मुक्त केलेल्या गुलामांसाठी आणि घरात वाढवलेल्यांसाठी. बाहेरच्या कोणी इथे प्रेत ठेवलं तर १५०० दिनार खजिन्याला, १००० दिनार ज्यू समाजाला. आणि शेवटी तेच: प्रत सार्वजनिक दफ्तरात दाखल. ते दफ्तर केव्हाच नाहीसं झालं. तिच्या माणसांचा हक्क आपल्याला कळतो तो या दगडामुळे.

दंडाने भागत नसेल तर पैशाने माणसं बांधून ठेवायची. हिएरापोलिसचा ग्लिकोन, पूर्ण नाव पुब्लिओस एलिओस ग्लिकोन, याने आपल्या पेटीवर लिहून ठेवलंय की जांभळा रंग देणाऱ्यांच्या संघाला मी २०० दिनार ठेवतो. त्याच्या व्याजातून दरवर्षी ज्यूंच्या बेखमीर भाकरीच्या सणाला माझ्या थडग्यावर फुलांचा मुकुट चढवायचा आणि वाटा घ्यायचा. गालिचे विणणाऱ्यांच्या संघाला १५० दिनार: निम्म्याचं व्याज रोमन नववर्षाला, निम्म्याचं ज्यूंच्याच पेन्टेकॉस्ट सणाला. एकाच माणसाच्या थडग्यावर ज्यू सण आणि रोमन सण शेजारी शेजारी. ग्लिकोन ज्यू होता, धर्मांतरित होता की नुसता त्यांच्या बाजूचा होता, यावर अभ्यासकांचा काथ्याकूट चालूच असतो. मला त्यात दिसतो तो आपल्यामागे आपली वास्तपुस्त व्हावी म्हणून धडपडलेला माणूस. नाशिकच्या लेण्यांतला उषवदाताचा लेख ज्यांनी वाचला असेल त्यांना हे फार ओळखीचं वाटेल. तिथेही विणकरांच्याच दोन श्रेणींकडे २००० आणि १००० कार्षापणांची ठेव आहे आणि व्याजाचा विनियोग दगडावर कोरलेला आहे. तो भिक्षूंसाठी, हा आपल्या थडग्यासाठी. पण मुद्दल कारागिरांच्या संघाकडे ठेवून व्याजावर पुण्य चालवायची रीत तीच, आणि शतकभराच्या आगेमागेचीच.

सरकारवर विश्वास नव्हता ते देवाकडे गेले. फ्रिजियात, पूर्वेकडच्या खेड्यापाड्यांत, दंडाऐवजी शाप असतो. 'त्याची पोरं अनाथ राहोत, आयुष्य एकाकी जावो, घर ओस पडो.' हे ग्रीकमध्ये. कित्येक दगडांवर आधीचा मजकूर ग्रीक, पण शापाचं वाक्य मात्र जुन्या फ्रिजियन भाषेत, जी तोवर लिहिण्यातून जवळजवळ गेलीच होती. व्यवहार परक्या भाषेत झाला तरी शाप आईच्या भाषेतच लागतो, असं त्यांना वाटत असणार. पुढे फ्रिजियातल्याच एउमेनेइआ शहराच्या ख्रिस्ती लोकांनी ते सगळं सोडून एकच ओळ ठेवली: 'त्याचा हिशेब देवाशी.'

याच फ्रिजियात थडग्याचा दगड बंद दाराच्या आकाराचा कोरत. चौकट, कड्या, कुलूपसुद्धा. बाईचं असेल तर दारावर आरसा, कंगवा, चाती, लोकरीची टोपली. अशा दगडासमोर मी तासन् तास बसले आहे. लेख दोन ओळींचा असतो, त्यात काही विशेष नसतं. पण चातीवर गुंडाळलेला धागासुद्धा कोरलेला असतो.

दक्षिणेला लिकियाला गेलात तर माझे वरचे बरेच नियम मोडलेले दिसतील, आणि मला तो भाग याचसाठी आवडतो. रोमच्या कितीतरी आधी तिथे मेलेल्यांना गावातच जागा होती. क्सान्थोसला नाट्यगृहाच्या शेजारी, भर वस्तीत, खांबावरची थडगी उभी आहेत. त्यांतल्या एकाची मूळ शिल्पं चार्ल्स फेलोज या इंग्रज प्रवाशाने १८४०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमला नेली, जागेवर आहेत त्या नकला. मिराच्या कड्यात कोरलेली थडगी तर सरळ लाकडी घरं आहेत: तुळया, वासे, खुंट्या, सगळं दगडात. पण लिकियन भाषेतले लेख वाचा, तीच तऱ्हा. अमुक याने हे बांधलं 'ह्रप्पि लदि एहबि से तिदेइमे', आपल्या बायकोसाठी आणि मुलांसाठी. मग कोण चालेल, कोण नाही, आणि थडग्यांवर देखरेख करणाऱ्या 'मिंती' नावाच्या मंडळाचा उल्लेख. हे इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकातलं. म्हणजे थडग्यावर हक्कनोंद लिहायची खोड रोमन लोकांनी लावली नाही, ती या मातीतलीच जुनी आहे.

रोमन काळात तिथल्या पेट्यांना खाली एक जादा कप्पा असे, हिपोसोरिओन. वर मालकाचं कुटुंब, खाली गुलाम, मुक्त केलेले आणि पोसलेली मुलं. लेखात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. मेल्यावरही वरचा मजला आणि खालचा मजला. तिथल्या दंडाच्या कलमात आणखी एक गंमतीचा नव्हे, फार व्यवहारी मुद्दा असतो: गुन्हा सिद्ध करून देणाऱ्याला दंडाचा तिसरा हिस्सा. राखणदार परवडत नाही, तर सगळ्या गावालाच राखणदार करायचं.

एवढं करूनही जवळजवळ प्रत्येक पेटी फोडलेली आहे, हे तुम्ही पाहिलंच असेल. कोपऱ्यावर झाकणाखाली हात जाईल एवढं भोक. चोरांनी झाकण उचलायचे कष्ट घेतले नाहीत. आजच्या काळातही हे थांबलेलं नाही: अंतालियाजवळच्या पेर्गेची हेराक्लिसची पेटी जिनिव्हाच्या गोदामात सापडली आणि २०१७ मध्ये परत येऊन अंतालियाच्या संग्रहालयाकडे गेली.

पुन्हा जाल तेव्हा ग्रीक न शिकताही करता येईल असं एक काम देते. अक्षरांत इंग्रजी ए, वाय, पी अशी दिसणारी तीन अक्षरं एखाद्या नावाच्या सुरुवातीला शोधा. ते 'आउर', म्हणजे आउरेलिओस. इ.स. २१२ मध्ये रोमन सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या मुक्त लोकांना नागरिकत्व दिलं आणि त्यांनी त्याचं घराण्याचं नाव लावलं. म्हणून असं नाव घाऊक दिसू लागलं की लेख बहुधा त्या सालानंतरचा. पेटीच्या झाकणावर दगड कापायची, पाण्याच्या चाकावर चालणारी करवत कोरणारा हिएरापोलिसचा अम्मिआनोस असाच आउरेलिओस आहे. चक्राचं गोल फिरणं दांड्याने पुढेमागे हालचालीत बदलणाऱ्या यंत्राचं ते आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जुनं चित्र.

आणि इफेससला गेलात तर नावांच्या शेजारी इंग्रजी झेड आणि एच अशी दिसणारी दोन अक्षरं शोधा. ती 'झे' आहेत, अर्थ 'जिवंत आहे'. थडगं आधीच बांधून ठेवलेलं असायचं, म्हणून लेख कोरताना कोण हयात आहे ते नावापुढे लिहीत. कित्येक लेखांत बायकोचं नाव नुसतंच आहे आणि नवऱ्याच्या नावापुढे ही दोन अक्षरं आहेत. तो गेल्यावर ती खोडायला कोणी आलेलं नाही.